पिवळी पेन्सिल

३ मार्च, सोमवार

सर्व संबंधितांस कळवण्यास अत्यंत खेद होतो, की मला कामासाठी मिळालेले दोन्ही हातमोजे डाव्या हाताचे आहेत. ही बाब मी भांडारातल्या माणसाच्या निदर्शनास आणून दिली. त्याने मोजे उलटेसुलटे करून पाहिले, माझे हात पाहिले, उजवे संपलेत असं सांगितलं आणि पुन्हा डब्याकडे वळला. गाडीला काय कळतंय, हेही वर ऐकवलं. गाडीला कळत नाही हे मान्य. पण ज्या उजव्या हाताने जन्मभर खडू धरून संस्कृतचे धातू चालवले, त्याला डावं समजलं जाणं हा त्याचा अपमान आहे, आणि तो मी या वहीत नोंदवून ठेवत आहे.

बाकी सगळं झकास. शाळेने संस्कृतचा वर्ग बंद करून मला अर्धचंद्र दिला, तेव्हा या वयात आपल्याला कोण उभं करणार अशी धाकधूक होती. मेहुण्याने कुठेतरी शब्द टाकला आणि मी तपासनीस झालो. भाड्याची मुदत संपवून परत आलेल्या गाड्या इथे एका लांबलचक शेडमध्ये उभ्या राहतात. त्यांचा रंग, पट्ट्या, आरसे, आतलं सामान यांत कुठे काय बिघडलंय ते हुडकायचं आणि तिथे पिवळ्या मेणपेन्सिलीने वर्तुळ काढायचं. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी हेच करत आलो. फरक एवढाच, की गाड्या गुणांसाठी घासाघीस करत नाहीत.

राहायला आवारामागे दोन खोल्या मिळाल्या आहेत. सामान लावायला ठकी आली होती. ठकी म्हणजे आमची एकुलती एक कन्या. खरं नाव भारदस्त आहे, ते तिला शोभत नाही. ती दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून शिकते. जाताना तिने भिंतीत खिळा ठोकला, तो वाकडा गेला, गिलाव्याचा टवका उडाला, आणि त्यावर तिने स्वतःचा डोळे मिटलेला फोटो टांगला. म्हणाली, डोळे मिटलेत म्हणजे तुमची भांडणं मला दिसणार नाहीत. ही वहीही तिचीच भेट. पहिल्या पानावर तिची आज्ञा आहे: बाबा, रोज लिहायचं, मोठे शब्द कमी, सुट्टीत येऊन तपासणार. म्हणजे मी गाड्या तपासायच्या आणि तिने मला.

४ मार्च, मंगळवार

आज दीक्षा झाली. माझ्या जोडीला एक अनुभवी तपासनीस दिला आहे. मी मनातल्या मनात त्याचं नाव गुळगुळे ठेवलंय, कारण इतका नितळ माणूस माझ्या पाहण्यात नाही. ना सुरकुती, ना तीळ, ना दाढी करताना कापल्याची खूण. वय विचारलं तर हसतो. मुलंबाळं विचारली तर म्हणाला, नसावीत. मला वाटलं विनोद आहे, म्हणून मी हसलो. मग तोही हसला. जेवताना तो डब्यातून दोन चमचे काढतो, एक वापरतो, दुसरा धुऊन परत ठेवतो. असते एकेकाची खोड.

काम मात्र छान शिकवतो. शेडच्या छताला ट्यूबलाइटच्या ओळी आहेत. त्यांचं प्रतिबिंब गाडीच्या रंगात सरळ पडलं तर ठीक. कुठे लचकलं, वाकलं, की तिथे पत्र्याला पोचा आलाय. समोरून बघायचं नाही, तिरपं बघायचं. मग मोजा घातलेला तळवा पत्र्यावरून फिरवायचा. पुसल्यासारखा नव्हे, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा. ही उपमा गुळगुळेचीच.

त्याआधी रोज सकाळी हात दाखवायचा विधी असतो. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, वाढलेलं नख, तळहाताचा घट्टा, कशानेही रंगावर चरा जाऊ शकतो. म्हणून जोडीदाराने जोडीदाराला उजेडात उभं करून तपासायचं. नजर बसावी म्हणून तोंड आणि मानही बघायची, आणि जे दिसेल त्याला वर्तुळ काढायचं. बरं-वाईट ठरवणं आपल्याकडे नाही, गुळगुळे म्हणाला. दिसलं की वर्तुळ. त्याने माझ्या भुवईतल्या जुन्या खुणेला वर्तुळ काढलं. लहानपणी धाकट्या भावाने रागाच्या भरात पाटी भिरकावली होती, तिची ती खूण. मला त्याच्यात काढण्यासारखं काहीच सापडलं नाही.

डाव्या तर्जनीवरची खूण मात्र त्याच्या नजरेतून सुटली, कारण तो मोजा मी आधीच चढवला होता. दोघांत तेवढाच नीट बसतो. ती खूण ठकीची. चार वर्षांची असताना तिने शर्टाचं बटण तोंडात टाकलं. ते काढायला मी बोट घातलं, तर कडकडून चावली. बटण निघालं, बोट पिकलं, आणि कातडीवर एक छोटा अर्धचंद्र कायमचा राहिला. हा अर्धचंद्र मला शाळेच्या अर्धचंद्रापेक्षा प्रिय आहे.

६ मार्च, गुरुवार

भुवईची खूण गेली. काल सकाळी दाढी करताना लक्षात आलं. ही म्हणाली, चेहरा धुतल्यासारखा दिसतोय. (ही म्हणजे आमची बायको. मी तिला नावाने हाक मारली तर ती दचकते.) पेन्सिलीत काही औषध असावं. गुळगुळेला सांगितलं तर त्याला काडीचं नवल वाटलं नाही. गाड्यांचंही तसंच होतं. वर्तुळं काढलेली गाडी संध्याकाळी रबरी पट्ट्यांच्या पडद्याआड जाते आणि सकाळी नवी होऊन बाहेर येते. आत कोण काम करतं, विचारलं. रात्रपाळी, म्हणाला. रात्रपाळीचा माणूस मात्र त्याने आजवर पाहिलेला नाही.

आज सामानाचा धडा झाला. गाडीत एखादी वस्तू दिसली नाही, तर ती हरवली की नव्हतीच, हे ठरवावं लागतं. त्यासाठी वस्तूची जागा बघायची. मॅटची कडी, पडद्याचा हूक, दारावरच्या पट्टीच्या स्क्रूचं भोक. भोक आहे आणि वस्तू नाही, तर ती हरवली. भोकच नाही, तर ती कधी बसवलीच नव्हती. मग तिच्याबद्दल तक्रार चालत नाही. मला एकदम न्यायशास्त्राचा तास आठवला. होतं ते नष्ट झालं तर प्रध्वंसाभाव. कधी नव्हतंच, तर अत्यंताभाव. हे गुळगुळेला समजावून सांगितलं. तो म्हणाला, नावं चांगली आहेत, पण आधी भोक बघा.

माझी एक चूकही झाली. एका गाडीचं बॉनेट चेपलं होतं आणि पुढचा दिवा तडकला होता, दोन्ही एकाच धक्क्याचं काम. मी बॉनेटलाच वर्तुळ काढलं. सकाळी बॉनेट नवंकोरं आणि दिवा तसाच तडकलेला. गुळगुळे म्हणाला, प्रत्येक खुणेला आपापलं वर्तुळ लागतं. राहून गेलेली खूण तशीच राहते बिचारी, आणि कशाने पडली ते तिलाच ठाऊक. बॉनेटला विचाराल तर ते म्हणेल, मला कुणी धडकलंच नाही. शिवाय सगळं एका दमात होत नाही, असंही त्याने सांगितलं. रंग लगेच वाळतो, पण मुरायला वेळ घेतो.

९ मार्च, रविवार

पेन्सिल घरी नेणं नियमात बसतं का, हे मी विचारलं नाही. म्हणजे बसत नसावं. शुक्रवारी ती खिशातून आणली आणि हिच्या मनगटावरच्या इस्त्रीच्या डागाला मोठ्या ऐटीत वर्तुळ काढलं. काल सकाळी डाग गायब. ही दिवसभर मनगट उजेडात धरून हिंडत होती आणि दूधवाल्यालाही दाखवून आली. लग्नात मी दिलेल्या घड्याळाचंसुद्धा एवढं कौतुक झालं नव्हतं.

आज ठकीचा फोन आला. ही हकिगत ऐकून तिने विचारलं, बाबांच्या विनोदांना वर्तुळ काढता येतं का. मायलेकी बराच वेळ हसत होत्या, मी भिंतीवरच्या मिटलेल्या डोळ्यांकडे दाद मागितली. पुढच्या महिन्यात सुट्टी आहे, वही तयार ठेवा, असं बजावून तिने फोन ठेवला.

दुपारी हिने मला दार लावून घ्यायला सांगितलं आणि पोट दाखवलं. बाळंतपणाचे ते वळ, आता फिकट झालेले, रुपेरी. इतक्या वर्षांत त्यांच्याविषयी ती अवाक्षर बोलली नव्हती, आणि तिला त्यांचं काही वाटत नाही असं मी धरून चाललो होतो. जातात का बघा, म्हणाली, आणि लाजली. मी तिला खिडकीशी उभं केलं, तिरपं पाहिलं, तळवा फिरवला, आणि तपासनिसाच्या थाटात निकाल वाचून दाखवला: आरोपी ठकी, नुकसानीस सर्वस्वी तीच जबाबदार. हिने पाठीत धपाटा घातला. मी एकही वळ सोडला नाही. प्रत्येकाला आपापलं वर्तुळ. गुळगुळेने पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

१० मार्च, सोमवार

पोट नितळ झालं. ही सकाळी आरशासमोर उभी राहून गुणगुणत होती, असं मी फार वर्षांनी ऐकलं. मला कामावर जायला उशीर झाला. त्याचं कारण इथे लिहिणार नाही, वही कन्या तपासणार आहे.

संध्याकाळी ती घरभर काहीतरी शोधत होती. काहीतरी करायचं राहिलंय आणि काय ते आठवत नाही, म्हणाली. फोटोवरची धूळ पुसली. पुसताना, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर तिथल्या माणसांचे फोटो बघावेत, तसं बघत होती.

११ मार्च, मंगळवार

कामावरून आलो तर भिंतीवर फोटो नव्हता. हिला विचारलं, काढलास का. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. कसला फोटो, म्हणाली. मी म्हणालो, ठकीचा. हात न थांबवता, माझ्या चेष्टेत सामील व्हावं तसं हसून तिने विचारलं,

"अहो, ही ठकी कोण?"

मी चिडलो. काही गोष्टींची चेष्टा करू नये, असं काहीतरी बोललो. मग तिचे डोळे पाहिले. त्यांत चेष्टा नव्हती. तिला माझीच काळजी वाटायला लागली होती.

भिंतीशी गेलो. सवयीने आधी भोक बघितलं. खिळा नाही. खिळ्याचं भोक नाही. गिलाव्याचा टवका नाही. तिरपं पाहिलं, तळवा फिरवला. भिंत सलग आहे. तिथे कधी काही टांगलंच नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

ठकीचा नंबर लावला. असा नंबर नाही, असं ऐकू येतं. वसतिगृहाच्या बाईंना फोन केला. भल्या बाई, शोधून सांगितलं. या नावाची मुलगी नाही. होती का? नव्हती. तिच्या खोलीतली एखादी खाट कमी झाली आहे का? बाई हसल्या. पहिल्यापासून तेवढ्याच आहेत, म्हणाल्या.

वहीचं पहिलं पान कोरं आहे.

मागची पानं वाचली. भावाने भिरकावलेली पाटी. मी लिहिलंय, अक्षर माझं. मला आठवत नाही. त्याला फोन केला. दादा, आपण कधी भांडलोच नाही, म्हणाला. हिच्या मनगटावर इस्त्रीचा डाग. कुठला? कधी?

म्हणजे खूण एकटी जात नाही. जे घडल्यामुळे ती पडली, ते जातं. आणि मी एकही वळ सोडला नाही.

मग मला ठकी कशी आठवते?

बोट. बोटाला वर्तुळ काढलेलं नाही. बॉनेट सरळ झालं, दिवा अजून तडकलेला आहे.

गुळगुळेला विचारलं, झालेलं काम परत करता येतं का. तो म्हणाला, चांगल्या रंगावर मुद्दाम चरा कोण पाडेल. मग डबा उघडला, दोन चमचे काढले. मी विचारलं, दुसरा कुणाचा. त्याने तो बोटांत फिरवून पाहिला. "रोज आणतो," म्हणाला. "टाकवत नाही."

लहान चमचा आहे. मी आज पहिल्यांदा नीट पाहिला.

१३ मार्च, गुरुवार

कामावर गेलो नाही. हात दाखवायचा नाही, कुणालाच. बोटाला चिंधी बांधली. हिला सांगितलं, ताप आहे.

तिला सगळं सांगतो. कळा कधी सुरू झाल्या, ती कुणाकुणाला शिव्या देत होती, पहिलं रडणं. ती ऐकते. कपाळावर हात ठेवते. मूल नाही म्हणून इतकं मनाला लावून घेऊ नका, म्हणते. आपण दोघं आहोत ना एकमेकांना. तिचा आवाज इतका मायेचा आहे, की ऐकवत नाही.

चिंधी सोडून पाहिलं. अर्धचंद्र आहे. ठकी, आहेस.

दुपारी डोळा लागला. लागायला नको होता. जाग आली तेव्हा चिंधी सुटलेली — बोटाभोवती पिवळं वर्तुळ. सुबक. ही उशाशी बसून होती.

"सारखं त्या डागाकडे बघून रडत होतात," ती म्हणाली. "म्हटलं, जाऊ दे एकदाचा."

साबण लावला, रॉकेल लावलं, विटेच्या तुकड्याने घासलं. वर्तुळ निघालं. कातडीही निघाली. ती रडत माझा हात धरत होती. तिला काय सांगू — कुणाचं कोण, ते तिला कसं —

१४ मार्च, शुक्रवार

गेला. सोललेलं बोटही भरून आलं. नितळ.

अजून आठवते. रंग वाळलाय, मुरला नाही. म्हणून भराभर —

हसताना नाक मुरडते. चपला कधी सरळ काढत नाही. बटण निळं होतं. फोनवर आधी आईची चौकशी, मग माझी. खरं नाव — खरं नाव भारदस्त आहे —

मघाशी होतं.

प्रध्वंसाभाव असता तर रडता आलं असतं. मेलेल्या पोरीलाही आईबाप असतात.

मोठे शब्द कमी. बरं. साधं लिहितो. तू गेलीस याची भीती मागे पडली. उद्या सकाळी मला बरं वाटेल, याची भीती वाटते.

निळं — काय निळं होतं —

१५ मार्च, शनिवार

सर्व संबंधितांस कळवण्यास आनंद होतो, की उजव्या हाताचा मोजा अखेर मिळाला. भांडारातल्या माणसाने तो स्वतः आणून दिला. उजवा हात प्रसन्न आहे. सकाळी गुळगुळेने मला उजेडात उभं केलं, पुढून-मागून पाहिलं आणि एकही वर्तुळ न काढता पेन्सिल खिशात ठेवली. म्हणाला, गुरुजी, आता तुम्ही तयार झालात. घरी हिनेही सुटकेचा निःश्वास सोडला.

मागची पानं चाळली. कुणा ठकीविषयी बरंच लिहिलेलं दिसतं. कथा लिहायचा बेत असावा. फारशी जमलेली नाही, शेवटी तर उगाच रडकी झाली आहे. पोरगी मात्र बरी उतरली आहे. मोठे शब्द कमी करा, ही तिची सूचना रास्त आहे.

एकच काळजी आहे, ती लिहून ठेवतो. सकाळपासून माझं डावं बोट सारखं तोंडात जातंय आणि मी ते चावतोय. कडकडून, रक्त येईपर्यंत. ही दोनदा ओरडली. ठसा उमटतो. तो मी खिडकीशी नेऊन तिरपा धरून बघतो, तोवर भरून येतो, आणि मी पुन्हा चावतो. दर वेळी वाटतं, हा नव्हे. दात लहान हवेत. कुणाचे, ते —